पोते, औषध आणि विष

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेले बजबज हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत १९१४ साली तेथे आलेल्या ‘कोमागाता मारू’ या जहाजामुळे नोंदले गेले आहे. व्यापाराच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान त्याआधीच ठरलेले होते. केरोसीनची आयात वाढू लागली तेव्हा कोलकाता बंदराच्या कारभाऱ्यांनी १८८६ साली खनिज तेलाचा धक्का या ठिकाणी उभारला. ज्वालाग्राही माल शहरातील वखारींपासून दूर असावा, हा त्यामागील विचार होता. आणि केवळ शहराच्या दृष्टीने पाहिल्यास तो गैर होता असे म्हणता येत नाही. तथापि ‘दूर’ हा शब्द सापेक्ष आहे. कोलकात्यापासून जे दूर गेले ते बजबजच्या जवळ आले. धोका नाहीसा न करता त्याची केवळ जागा बदलणे, ही युक्ती पुढे विसाव्या शतकातील रासायनिक व्यापाराने जगभर वापरली. बंदी घातलेली कीटकनाशके स्वतःच्या देशातून काढून दरिद्री देशांना विकण्याच्या प्रथेचा विचार करताना बजबजपासून आरंभ करणे म्हणूनच सयुक्तिक ठरते.

तेलाच्या टाक्यांच्या शेजारी बजबजला तागाच्या गिरण्या आहेत. बंगालीत त्यांना चटकल म्हणतात. कवी सुभाष मुखोपाध्याय १९५२ च्या सुमारास पत्नी गीता यांच्यासह बजबजजवळच्या व्यंजनहेडिया या खेड्यात राहावयास गेले व चटकलींतील मजुरांत काम करू लागले, ही गोष्ट भारतीय साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्या मजुरांविषयी बंगालीत पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या हातून तयार होणारे पोते पुढे कोठे जाते, त्यात काय भरले जाते आणि ते कोणाच्या पोटात जाते, याकडे मात्र समीक्षकांचे लक्ष सहसा गेलेले नाही. ते जाणे आवश्यक आहे, कारण या पोत्यात एक नैतिक प्रश्न जवळजवळ उघड्या अवस्थेत सापडतो.

कच्चा ताग राठ असतो. तो पिंजण्यापूर्वी तेल आणि पाणी यांचे मिश्रण त्यावर शिंपून काही काळ रचून ठेवावा लागतो, म्हणजे धागा लवचीक होतो. या कामी पिढ्यान्‌पिढ्या खनिज तेल वापरले गेले. गिरण्यांत त्याला ‘बॅचिंग ऑइल’ म्हणतात. नव्या बारदानाला जो केरोसीनसारखा दर्प येतो, तो त्याचाच. १९९० नंतरच्या काळात स्वित्झर्लंडमधील अन्नपरीक्षकांनी तागाच्या पोत्यांतून आलेल्या खाद्यपदार्थांत हे खनिज तेल उतरल्याचे दाखवून दिले. युरोपातील चॉकलेट-उत्पादक अस्वस्थ झाले. आणि १९९८ साली आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने कोको, कॉफी व सोललेले कठीण कवचाचे मेवे यांच्या पोत्यांसाठी स्वतंत्र प्रमाणक ठरविले. त्यानुसार अशा पोत्यांत वनस्पतिजन्य तेलच वापरावयाचे. हुगळीकाठच्या गिरण्यांनी तांदळाच्या कोंड्याचे तेल वापरून ही अट पुरी केली. काम कठीण होते, परंतु ते झाले.

येथपर्यंतची हकीकत कौतुकाचीच आहे. पण १९८७ च्या कायद्यान्वये आपल्या देशातील धान्य व साखर तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती असताना, त्या देशी पोत्यांसाठी खनिज तेलाची वहिवाट पुढेही दीर्घ काळ चालू राहिली. एकाच गावात, प्रसंगी एकाच छपराखाली, दोन तेलांची दोन पोती निघू लागली: एक परदेशी कोकोसाठी, दुसरे रेशनच्या तांदळासाठी. यातील बारकावा असा की निर्मळ पोते थेट युरोपात जात नाही. ते प्रथम घाना, आयव्हरी कोस्ट यांसारख्या देशांत जाते आणि तेथे कोको भरून उत्तरेकडे रवाना होते. म्हणजे आफ्रिकेला स्वच्छ पोते मिळते ते आफ्रिकी माणसाच्या आरोग्यासाठी नव्हे, तर त्या पोत्यातील दाणे अखेर झुरिक किंवा हँबुर्ग येथे खाल्ले जाणार म्हणून. पोत्याची शुद्धता कोण शिवतो किंवा कोण वाहतो यावर अवलंबून नाही; शेवटचा खाणारा कोण, यावर ती ठरते.

आता हेच देशी पोते धान्याच्या गोदामात जाते. तेथे किडीपासून धान्य राखण्यासाठी जी रसायने वापरली जात, त्यांत डायक्लोरव्हॉस हे एक होते. गोदामाच्या भिंती, वाटा व रिकाम्या जागा यांवर त्याची फवारणी होई. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने बारा कीटकनाशकांवर तात्काळ आणि आणखी सहांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली; डायक्लोरव्हॉस या सहांत होते. फोरेट व ट्रायझोफॉस हीही त्यांतच. तज्ज्ञ समितीने मानवास व अन्य जीवांस असलेला धोका पाहून शिफारस केली होती आणि ती सरकारने स्वीकारली. यथावकाश, मार्च २०२० च्या अधिसूचनेने, यांतील काहींना एक दार उघडे ठेवण्यात आले. सरकारी सूचीत असा एक वेगळा वर्गच आहे: देशात वापरास बंदी, पण निर्यातीसाठी उत्पादनास मुभा. डायक्लोरव्हॉस, फोरेट व ट्रायझोफॉस त्या वर्गात जाऊन बसली. निकोटीन सल्फेट आणि कॅप्टाफॉलची भुकटी तेथे आधीपासूनच होती.

या वर्गाचा अर्थ सरळ भाषेत सांगावयाचा तर तो असा होतो की, हे द्रव्य आपल्या माणसांना अपायकारक आहे असे आपण ठरविले आहे, ते आपल्याच कारखान्यात आपलेच कामगार तयार करतील, आणि ज्यांना आपण ओळखत नाही अशा माणसांना ते विकले जाईल. डायक्लोरव्हॉसपुरते पाहू गेल्यास, २०१५ साली युरोपीय संघाने नायजेरियातून येणाऱ्या सुक्या कडधान्याची आयात थांबविली, कारण त्यात याच द्रव्याचे अवशेष वारंवार आढळले. ते द्रव्य नायजेरियात कोणत्या देशातून गेले हा येथे मुद्दा नाही. युरोपच्या सीमेवर जे धान्य अडविले गेले, त्यासारखेच धान्य नायजेरियाच्या बाजारात कोणी अडविले नाही, हा मुद्दा आहे. पोत्याचा आणि विषाचा न्याय असा एकच आहे.

भाषेच्या अभ्यासकाला या व्यवहारात एक वेगळी गोष्ट दिसावयास हवी, आणि ती या विषयावर लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटलेली आहे. मराठी शेतकरी पिकावर ‘औषध’ फवारतो. गुजराती शेतकऱ्याची ‘दवा’, हिंदी भाषकाची ‘दवाई’, कानडीतील ‘औषधि’, तमिळमधील ‘पूच्चिमरुंदु’, तेलुगूतील ‘पुरुगुल मंदु’ या साऱ्यांचा अर्थ तोच. बंगालीत ‘ओषुध’ आहे, पण त्याच्या जोडीला ‘विष’ही आहे, बंगाली शेतकरी धानाला विष देतो असे निःसंकोच म्हणतो. ही स्पष्टता मराठीच्या वाट्याला आली नाही. मराठी वृत्तपत्रांत ‘विषारी औषध प्राशन करून’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्यातील विसंगती कोणाला खटकत नाही, आणि खेड्यात ‘त्याने औषध घेतले’ या वाक्याचा अर्थ प्रसंगावरून ठरवावा लागतो. ग्रीक ‘फार्माकॉन’च्या द्व्यर्थतेवर पाश्चात्त्य समीक्षेने पुष्कळ खल केला आहे. येथे त्या पांडित्याचा उपयोग नाही. कारण ही द्व्यर्थता कोणा तत्त्वज्ञाच्या लेखनातील नसून, कृषिखात्याच्या प्रचारातून, दुकानदाराच्या तोंडून आणि जाहिरातींच्या भाषेतून मुरत आलेली आहे. ज्याला औषध म्हटले त्याची भीती वाटत नाही. उलट, थोड्याने गुण आला नाही तर अधिक घ्यावे असे वाटते.

कायद्याला हे माहीत नव्हते असे नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनी प्रत्येक वेष्टनावर एक चौकोन बंधनकारक केला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असावा; पहिल्या दोन वर्गांत ‘विष’ हा शब्द तांबड्या अक्षरांत असावा; सोबतचे माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी व त्या प्रदेशातील एक-दोन भाषांत असावे. म्हणजे दुकानदार ज्याला औषध म्हणतो, त्याला बाटली विष म्हणते. रंगांचा क्रमही असा की, रस्त्यावरील दिव्यांमुळे ज्याचा अर्थ ‘खुशाल जा’ असा मनात ठसला आहे, तो हिरवा रंग येथे केवळ ‘कमी विषारी’ एवढेच सांगतो. आणि निळा रंग धोक्याचा, हे कोणत्याही भारतीय परंपरेत कोणाला सुचलेले नाही. माहितीपत्रकातील मराठी हा एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल. बोटाएवढ्या घडीच्या कागदावर मुंगीच्या आकाराची अक्षरे, आणि वाक्यरचना अशी की इंग्रजी मूळ जवळ ठेवल्याशिवाय तिचा अन्वय लागू नये. या मजकुराला वाचक अभिप्रेत नाही. तो न्यायालयासाठी लिहिलेला आहे.

हे किती महाग पडते याचा प्रत्यय २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात आला. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. फवारा खाली पडण्याऐवजी तोंडावर व छातीवर येत होता. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपांचे तुषार अधिक बारीक होते, उकाडा होता, आणि फवारणारे बहुतेक जण शेतमालक नसून रोजंदारीचे मजूर होते. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. शेकडो रुग्णालयात दाखल झाली. रक्तातील कोलिनेस्टरेज तपासण्याची सोयदेखील जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात नव्हती. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीस साठ दिवसांपुरती मनाई केली. मोनोक्रोटोफॉस त्यांत होते. अमेरिकेत १९८८ मध्येच ते वापरातून गेले होते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून तेवीस मुलांचा जीव याच द्रव्याने घेतला होता. तरीही ते यवतमाळच्या दुकानात होते. आणि ते देशीच होते, हे विसरता कामा नये.

दुसरे नाव डायफेन्थियुरॉन. त्याचे ‘पोलो’ या नावाने विकले जाणारे उत्पादन बाझल येथे मुख्यालय असलेल्या सिंजेंटा कंपनीचे. युरोपीय संघात २००२ पासून व स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून ते वापरातून गेलेले. पण २०१७ या एकाच वर्षी स्वित्झर्लंडमधून त्याचे ७५ टन भारतात आले, असे ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने तेथील सरकारी नोंदींवरून उघड केले. या द्रव्यावर विशिष्ट प्रतिविष नाही. लक्षणे पाहून उपचार करावयाचे, एवढेच डॉक्टरच्या हाती उरते. सप्टेंबर २०२० मध्ये एक वाचलेला शेतकरी व दोन मृतांच्या पत्नी यांनी बाझल येथे नुकसानभरपाईची दाद मागितली आणि ५१ कुटुंबांच्या वतीने स्वतंत्र तक्रार झाली. कंपनीने जबाबदारी नाकारली. पुढच्याच महिन्यात स्विस सरकारने डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस, पॅराक्वाट, अॅट्राझिन व मेथिडाथिऑन या पाच द्रव्यांची निर्यात १ जानेवारी २०२१ पासून बंद करण्याचा निर्णय घेतला. विदर्भातील मजुराच्या शब्दाला आल्प्सपलीकडे किती वजन पडले हे सांगणे कठीण आहे. पण तो शब्द तेथपर्यंत पोहोचला, ही गोष्ट लहान नव्हे.

निर्यातदारांची बाजू पोकळ नाही, ती नीट ऐकली पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की, ‘नोंदणी नाही’ आणि ‘बंदी आहे’ यांत भेद करावा. स्वित्झर्लंडमध्ये कापूस पिकत नाही, तेव्हा कपाशीच्या औषधाची नोंदणी तेथे कोण कशाला चालू ठेवील? हा भेद तत्त्वतः ग्राह्य आहे. परंतु डायफेन्थियुरॉनचा समावेश स्विस कायद्याने आरोग्य व पर्यावरण यांस धोकादायक म्हणून निर्बंध घातलेल्या द्रव्यांच्या यादीत केला होता. केवळ गिऱ्हाईक नाही म्हणून ते मागे पडलेले नव्हते. दुसरा युक्तिवाद डीडीटीचा. अमेरिकेने १९७२ मध्ये त्याचा वापर बंद केला, तरी हिवतापाच्या देशांना त्याची गरज राहिली. भारतानेही १९८९ मध्ये शेतीतील वापर बंद करून आरोग्यखात्यासाठी ते ठेवले. येथे मात्र निर्यातदार आपल्याच उदाहरणात सापडतात. भारताने डीडीटी ठेवले ते कशासाठी, कोणाच्या हाती, किती, हे स्वतः ठरवून. पंपवाल्या मजुराच्या हाती बाटली देणे ही वेगळी गोष्ट आहे. ‘आपण दिले नाही तर दुसरा देईल’ हा तिसरा युक्तिवाद इतका जुना आहे की अफूच्या व्यापाराच्या काळीही तो नवा नसावा.

सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवाद संमतीचा. १९९८ साली झालेला व २००४ मध्ये अमलात आलेला रॉटरडॅम करार ‘पूर्वसूचित संमती’ या कल्पनेवर उभा आहे. निर्यात करणाऱ्या देशाने धोका कळवावा, आयात करणाऱ्या देशाने विचार करून होय किंवा नाही म्हणावे. भारत २००५ मध्ये या करारात सामील झाला. दरिद्री देशाचे भले कशात आहे हे श्रीमंताने ठरवू नये, या स्वाभिमानी भूमिकेशी हा करार जुळतो, आणि वसाहतीचा अनुभव असलेल्या देशाने ती भूमिका हसण्यावारी नेऊ नये. पण संमती कोणाची? कागद दिल्लीतील कचेरीत येतो. विष घाटंजीच्या शेतात फवारले जाते. मधल्या अंतरात आयातदार, वितरक, कृषिसेवा केंद्राचा मालक, शेतकरी आणि अखेर तो मजूर येतो. त्याच्यापाशी बाटली आली तेव्हा तिचे वेष्टन दुसऱ्याच्या घरी राहिलेले असते. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने आपले कर्तव्य वाचकावर सोपविले आणि तो वाचक कधीच अस्तित्वात नव्हता. शिवाय यादीत नाव घालावयास सर्व सभासदांचे एकमत लागते. २०१३ मध्ये पॅराक्वाटचे नाव अडले ते अडविणाऱ्यांत भारत होता. संमतीच्या अधिकाराची महती सांगणाऱ्या देशाने इतरांना पूर्वसूचना मिळण्याचीच वाट रोखली, असे येथे म्हणणे भाग आहे.

भारताचे हे दुहेरी स्थान एंडोसल्फानच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. केरळमधील कासारगोडच्या काजूच्या बागांवर दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून ते फवारले गेले. त्याचे परिणाम पिढ्यांना भोगावे लागले. अंबिकासुतन मांगाड यांची ‘एन्मकजे’ ही २००९ ची मल्याळम कादंबरी याच भूमीतून आली आणि जे. देविका यांच्या इंग्रजी अनुवादामुळे कर्नाटक-केरळाबाहेर पोहोचली. मराठीत शेतकऱ्याच्या मरणावर पुष्कळ लेखन झाले असले, तरी त्यात औषधाची बाटली बहुधा कर्जाच्या कथेतील शेवटचे साधन म्हणून येते. बाटली हाच कथाविषय झालेला क्वचित दिसतो. त्या दृष्टीने ही मल्याळम कादंबरी मराठी अभ्यासक्रमात तौलनिक वाचनासाठी यावयास हवी. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर थांबविला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर, कारखानदारांकडे पडून राहिलेला सुमारे १,०९० टन साठा निर्यात करण्यास त्याच न्यायालयाने परवानगी दिली. साठा नष्ट करण्याचा खर्च व धोका मोठा होता, हे खरे. तथापि कासारगोडच्या मुलांना जे नको तेच ज्यांच्या मुलांकडे गेले, त्यांचे म्हणणे त्या सुनावणीत मांडणारे कोणी नव्हते.

अमेरिकेतही हे घडून गेले आहे. जानेवारी १९८१ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घातक मालाच्या निर्यातीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. रेगन यांनी तो महिनाभरात मागे घेतला. त्या काळी भारतासारख्या देशांतील विचारवंतांनी पाश्चात्त्यांच्या दुटप्पीपणावर तीव्र टीका केली, आणि ती रास्त होती. आज भारत स्वतः कीटकनाशकांचा मोठा निर्यातदार आहे. तेव्हाची टीका जर न्यायाच्या भूमिकेतून होती, तर ती आता आपल्याच अधिसूचनांना लावावी लागेल. केवळ ग्राहकाच्या रागातून होती असेल, तर विक्रेता झाल्यावर ती ओसरणे स्वाभाविकच आहे.

मागणी तशी लहान आहे. सरकारी सूचीतील ‘वापरास बंदी, निर्यातीस मुभा’ हा वर्ग काढून टाकावा. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने असे केले. उत्पादकांनी व्यवसायस्वातंत्र्याच्या नावाने त्यास आव्हान दिले आणि जानेवारी २०२० मध्ये तेथील घटना परिषदेने ते फेटाळले, कारण देशाबाहेरील माणसांच्या आरोग्याचा व पर्यावरणाचा विचारही कायदेमंडळ करू शकते. २०२२ पासून ती बंदी लागू झाली. मात्र तिच्यात एक फट राहिली: तयार मिश्रणे अडली, शुद्ध मूलद्रव्य वाटेला लागले, आणि परदेशात पोहोचल्यावर त्याचे मिश्रण होऊ लागले. भारतात या उद्योगाचा मोठा भाग मूलद्रव्यांचाच, ज्याला कारखान्यांत ‘टेक्निकल’ म्हणतात, त्याचा आहे. तेव्हा अधिसूचना लिहिणाऱ्याने ‘टेक्निकल’ आणि ‘फॉर्म्युलेशन’ हे दोन्ही शब्द तीत घातले पाहिजेत.